आग कुणी लावली, हे न विचारणारी खोली : जिल्ह्यातल्या ग्रंथालयांना खुले पत्र

कोल्हापूर जिल्ह्यातील सार्वजनिक ग्रंथालयांचे ग्रंथपाल, सेवक आणि कार्यकारी मंडळांचे सर्व पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

कचेरीजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे. सातबारा, आठ-अ, उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, सगळं करते. त्याआधी लग्नापूर्वी तीन वर्षं भुदरगड तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात मदतनीस होते. दाखल नोंदवही लिहायची, पुस्तकांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या डकवायच्या, संध्याकाळी देवघेव करायची. त्यामुळं तुमचं जग मला आतून माहीत आहे, आणि आज जे लिहितेय त्यातला थोडा भाग माझ्यावरही उलटणार आहे, हेही माहीत आहे.

माघ सरला की मी रात्री गच्चीवर जाऊन जोतिबाच्या डोंगराकडं बघते. सवयच लागली आहे. एखाद्या रात्री अंधारात केशरी रेघ दिसते, हळूहळू सरकणारी. शेजारचं पोर मोबाईलवर फोटो काढतं आणि स्टेटसला ठेवतं. दिसायला ती सुंदरच दिसते, हे कबूल करायला हवं. सकाळी उठून बघावं तर डोंगराच्या अंगावर काळा ओरखडा. होळीपासून वळवाचा पाऊस पडेपर्यंत हे चालतं. पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड, कुठला तालुका सुटत नाही. दोन दिवस पेपरात बातमी येते आणि विषय विझतो. ज्याचं जळलं त्याचं पुढं काय होतं, ते मला दुकानात बसून दिसतं. म्हणून हे पत्र.

मागच्या वर्षी पाडव्याच्या आसपास शाहूवाडीकडच्या एका धनगरवाड्यावरचे मामा सुनेला घेऊन दुकानात आले. हातात खताची पोती असतात तसली प्लास्टिकची पिशवी, आणि तिच्यात एका पत्र्याच्या पेटीतला ऐवज. पेटी जळली नव्हती, पण तापून आतलं सगळं भाजून निघालं होतं, आणि वरून आग विझवताना पाणी पडलेलं. रेशनकार्ड, पासबुक, पोरीचं लसीकरणाचं कार्ड, कसले कसले जुने अर्ज, सगळं एकमेकांना चिकटून वडीसारखं झालेलं. मामांनी माझ्यासमोर अंगठ्यानं वरचं पान सोडवायला घेतलं आणि त्या पानाचा कोपरा पापडासारखा मोडून काउंटरवर पडला.

"बाई, एवढं सुटं करून द्या की," ते म्हणाले.

गवताच्या गंजी गेल्या होत्या, गोठा गेला होता, राहत्या छपराची एक बाजू गेली होती. जनावरं सोडून दिली म्हणून वाचली. मी विचारलं, तक्रार दिली का, पंचनामा झाला का? मामा गप्प. सून म्हणाली, "गेलो हुतो. आधी त्यास्नीच इचारलं, आग कुणी लावली म्हणून. तवापास्नं ते कुटंच जाईनात."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेलं नाही.

१९२७ च्या वन कायद्यानुसार राखीव जंगलात आग लावणं हा गुन्हा आहे आणि तो असायलाच हवा. पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं या समजुतीनं डोंगर पेटवणारे आहेत, बांधावरचं पाचट पेटवून घरी जाणारे आहेत, विडीचं थोटूक टाकणारे आहेत आणि रात्री डोंगरावर पार्टी करून चूल तशीच सोडणारे आपल्या शहरातले दिवटेही आहेत. चौकशी व्हावी. पण त्या चौकशीचा पहिला झटका बसतो तो डोंगरावर राहणाऱ्या माणसाला, कारण आगीच्या सगळ्यात जवळ तोच असतो. नुकसान सांगायला गेलेला माणूस संशयित होऊन परत येतो. मग तो अर्जच देत नाही.

त्या दिवशी मामा माझ्याकडं येण्याआधी एका वाचनालयात गेले होते. पुस्तकासाठी नव्हे. स्टँडपासून जवळ होतं, सावली होती, पाटी वाचून सुनेला वाटलं की इथं लिहिता-वाचता येणारं कुणीतरी असेल. दाराला कुलूप होतं आणि वेळेचा फलक : सायंकाळी ५ ते ७. दोघं तासभर पायरीवर बसून एसटीनं कोल्हापूरला आले.

त्या वाचनालयाला मी दोष देत नाही. माझ्या वाचनालयातही तेच कुलूप असायचं, आणि किल्ली माझ्याच पर्सला होती. ड वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीत शेवटच्या पायरीवरच्या, ग्रंथालयाच्या अनुदानात माणसाला काय पगार मिळतो, तो कधी मिळतो, आणि मार्चअखेरीच्या तपासणीला वर्गणीदार आणि पुस्तकांचे आकडे जुळवताना काय तारांबळ उडते, हे मी भोगलं आहे. अशा माणसाला 'आता आपत्तीतही काम करा' असं सांगणारं पत्र लिहायला धिटाई लागते. तरी लिहिते, कारण गावात सार्वजनिक म्हणावी अशी ही एकच खोली मला दिसते जिथं माणूस अर्जदारही नसतो आणि संशयितही नसतो. तलाठी कार्यालयात त्याला कागद मागतात, वनखात्यात जाब मागतात, देवळात गेलं तर दक्षिणेचा प्रश्न. वाचनालयात कुणी काही विचारत नाही. बसायला बाक असतो, पंखा असतो, पेपर असतो. आणि तिथं बसलेल्या बाईला किंवा बाप्याला नोंद कशी करायची ते येतं.

हे काही मी उगाच मोठं करून सांगत नाही. ज्या देशात वणवे अख्खी गावं गिळतात तिथं हे होऊन गेलेलं आहे. ८ ऑगस्ट २०२३ ला हवाईतलं लाहैना हे जुनं गाव जळालं, शंभराच्या आसपास माणसं गेली, समुद्रकाठचं त्यांचं सार्वजनिक ग्रंथालयही गेलं. (बरोबर एका वर्षानं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. तो वणवा नव्हता, पण दुसऱ्या दिवशी तिथं उभं राहून रडणारी माणसं ज्यांनी पाहिली त्यांना सार्वजनिक वास्तू जळणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.) जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजलिसच्या बाजूला दोन मोठ्या आगींत मिळून १६,००० हून जास्त इमारती गेल्या. पॅलिसेड्स भागातलं शाखा ग्रंथालय राख झालं, अल्टाडीनातलं मात्र वाचलं. अशा वेळी जे ग्रंथालय उभं राहतं तिथं लोक पुस्तक मागायला येत नाहीत. मोबाईल चार्ज करायला, इंटरनेटला, विम्याचा आणि सरकारी मदतीचा फॉर्म भरायला, छापायला आणि थोडा वेळ धुराबाहेर बसायला येतात. अमेरिकेत तर आपत्तीनंतर तात्पुरती जागा देण्यासाठी सरकारी मदत मिळू शकणाऱ्या आवश्यक सेवांमध्ये ग्रंथालय धरलं जातं. आपल्याकडं ते सांस्कृतिक कार्यक्रमाच्या बातमीत धरलं जातं.

आपला वणवा त्यांच्यासारखा नसतो. तो सहसा शहर जाळत नाही, टीव्हीवर दिसत नाही. तो वर्षाचं गवत नेतो, आजरा-चंदगडकडं सात-आठ वर्षं पोरासारखी वाढवलेली काजूची बाग नेतो, मधाच्या पेट्या नेतो, ठिबकच्या नळ्या वितळवून टाकतो, एखादं छप्पर नेतो. एकेका घराचं नुकसान असतं, म्हणून मोजलं जात नाही. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली तेव्हा अख्खं कोल्हापूर भाकरी बडवायला बसलं होतं, कारण पाणी आपल्याही दारात होतं. वणवा डोंगरावर असतो, लांब. भाकरी तिथवर जात नाही.

आता कामाचं बोलते. ग्रंथालयानं वणव्यानंतर करायचं काय?

सगळ्यात आधी भाजलेला कागद. कागद कसा हाताळावा हे गावात तुमच्याशिवाय कुणाला माहीत असणार? मला स्वतःला ते दुकानात बसून चुका करत कळलं. जळका कागद सुटा करायला जायचं नाही. आहे तसा ताठ पुठ्ठ्यावर सरकवून घ्यायचा आणि आधी फोटो काढायचा, कारण उद्या तो तेवढाही राहणार नाही. काजळी तेलकट असते. बोटानं किंवा ओल्या फडक्यानं पुसली की ती कागदात जिरते. मऊ कोरड्या ब्रशनं अलगद झटकायची, जेवढी निघेल तेवढीच. कागद भिजलेला असेल तर दोन दिवसांत बुरशी धरते. त्या आत वाळवता येत नसेल तर पिशवीत घालून सरळ गोठवायचा. गोठलेल्या कागदाला बुरशी लागत नाही आणि पुढं निवांत काम करता येतं. गावात डीप फ्रीझर कुणाकडं असतो? आइस्क्रीमवाल्याकडं. त्याला आधी विचारून ठेवायला काय जातं? एकमेकांना चिकटलेले ओले फोटो तसेच वाळू द्यायचे नाहीत, एकदा वाळले की ते सुटत नाहीत. स्वच्छ गार पाण्यात ठेवून सावकाश सोडवायचे. एटीएमच्या आणि दुकानाच्या गुळगुळीत पावत्या उष्णतेनं काळ्या पडतात, त्यावर वेळ घालवू नये.

आणि लॅमिनेशन अजिबात नाही. हे मी, लॅमिनेशन करून पोट भरणारी बाई, सांगतेय. भाजका दाखला 'आता तरी टिकेल' म्हणून लोक घेऊन येतात. यंत्राच्या उष्णतेत उरलासुरला कागदही जातो आणि एकदा आत बंद झालेला कागद परत धड बाहेर काढता येत नाही. पूर्वी मी करून द्यायची. आता नाही म्हणते, तर लोक पलीकडच्या दुकानात जातात.

पेटीत नोटा असतात. हे कुणी बोलत नाही, विशेषतः बायका. मामांच्या सुनेनं जाताना पदराच्या गाठीतून काळी झालेली गड्डी दाखवली आणि हळूच विचारलं, हे चालतंय का? फाटकी-मळकी नोट कुठल्याही बँकेत बदलते. पण जळून कोळसा झालेली, हात लावताच चुरा होणारी नोट बँकेची शाखा घेत नाही, त्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयातच जावं लागतं, आणि नोटेचा किती भाग शाबूत आहे त्यावर पैसे ठरतात. म्हणजे ती गड्डी मोजायला सोडवायचीच नाही, डब्यात कापूस घालून तशीच ठेवायची. एवढी एक माहिती फलकावर लिहिली तरी एखाद्या बाईचे साठवलेले पैसे वाचतील.

मग येतो पंचनामा. आग ही राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या यादीतली आपत्ती आहे. केंद्रानं २०२२ ते २०२६ साठी ठरवलेल्या निकषांत डोंगरी भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख ३० हजार रुपये होते आणि झोपडीला ८ हजार. गोठ्याला ३ हजार, दुभत्या मोठ्या जनावराला ३७ हजार ५००. राज्य सरकार वेळोवेळी यात भर घालतं, आकडे बदलतात. पण घर आणि झोपडी यांतलं अंतर बघा. पंचनाम्यात कुठला शब्द पडतो यावर जवळपास सव्वा लाखाचा फरक पडतो. मातीच्या भिंती, सागवानी मेढी आणि तीन पिढ्यांचा संसार असलेल्या वास्तूला कुणी घाईत 'झोपडी' लिहिलं, तर वाचता न येणाऱ्या माणसाला ते कळणार कसं? तो अंगठा देतो. सही करण्याआधी तो कागद मोठ्यानं वाचून दाखवणारं माणूस त्याच्या बाजूला हवं. या कामाला पुस्तकी ज्ञान लागत नाही, मोठ्यानं वाचता यावं लागतं.

आणि ते माणूस तुमच्याकडं आहे. एक सोडून वीस आहेत. तुमच्यातल्या ज्यांच्याकडं अभ्यासिका आहे तिथं सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत बसलेली स्पर्धा परीक्षेची पोरं-पोरी. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ ची कलमं त्यांना पाठ आहेत, जमीन महसूल संहिता पाठ आहे, सेवा हक्क कायदा २०१५ पाठ आहे. ठरलेल्या मुदतीत दाखला मिळाला नाही तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि मग आयोग, हे ती झोपेत सांगतील. पण खरा पंचनामा त्यातल्या बहुतेकांनी डोळ्यांनी बघितलेला नसतो. आठवड्यातले दोन तास त्यांनी एका टेबलाशी बसावं. बाहेर एकच पाटी : 'अर्ज लिहून मिळेल, वाचून मिळेल. पैसे नाहीत.' उद्या यांच्यातलंच कुणी तलाठी होईल, कुणी नायब तहसीलदार होईल. समोर जळक्या पेटीवाला माणूस आला तर तेव्हा तरी त्याला आधी बसायला सांगतील.

काही कागद सोपे असतात. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन १५ रुपयांत मिळतो आणि तो सरकारी कामाला चालतो. आधार परत छापून मिळतं. पण धनगरवाड्यावरच्या पुष्कळ घरांच्या नावावर सातबाराच नसतो. राहतात तिथं पिढ्यान्‌पिढ्या, जमीन मात्र वनखात्याची नाहीतर दुसऱ्याच कुणाची. वनहक्क कायदा २००६ नं अशा लोकांना दावा करता येतो. आदिवासी नसलेल्यांना मात्र १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथं असल्याचा पुरावा द्यावा लागतो. हा पुरावा माणसं वर्षानुवर्षं गोळा करतात. एक जुनी पावती, एक शाळेचा दाखला, कुणा म्हाताऱ्याचा जबाब. आणि तो ठेवतात कुठं? त्याच पत्र्याच्या पेटीत. मामांच्या पिशवीतले 'कसले कसले जुने अर्ज' हेच होते. मला ते कळायला दुसरी खेप उजाडली.

इथं तर ग्रंथालयाचं कामच आहे. वनहक्काच्या नियमांत पुरावा म्हणून गॅझेटिअर (जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ) आणि जनगणनेसारख्या सरकारी नोंदी चालतात. कोल्हापूरचं १८८६ चं इंग्रजी गॅझेटिअर आहे, १९६० चं आहे. मोठ्या ग्रंथालयांच्या कपाटात ती संदर्भ म्हणून कुलूपबंद असतात. १८५० पासून चालत आलेलं करवीर नगर वाचन मंदिर आपल्याकडं आहे, शिवाजी विद्यापीठाचं बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे. संशोधक येतो, पान शोधतो, प्रबंधात तळटीप देतो. त्याच पानाची प्रत एखाद्या वाड्याच्या दाव्याला लागू शकते, पण वाड्यावरच्या माणसाला ते पान आहे हेच माहीत नाही. तुमच्या ड वर्गाच्या ग्रंथपालानं एक फोन फिरवला आणि शहरातल्या ग्रंथपालानं ते पान शोधून पाठवलं, तर किती वेळ जाईल? ग्रंथालयशास्त्र शिकणाऱ्या मुलांना हाच प्रकल्प का देऊ नये?

आगीनंतरच्या कामांपेक्षा आगीआधीचं एक काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं, म्हणून त्यावर थोडी रेंगाळते. दिवाळी ते शिमगा या काळात गावातल्या वाड्या-वस्त्यांवर एक-एक दिवस जायचं. सोबत स्कॅनर, नाहीतर नुसता चांगला मोबाईल. प्रत्येक घराची पेटी उघडायला लावायची आणि कागदांचे फोटो घ्यायचे, घरचीच माणसं समोर बसवून. एक प्रत त्यांच्या मोबाईलवर, एक शहरात राहणाऱ्या लेकीच्या किंवा जावयाच्या मोबाईलवर. ग्रंथालयानं लोकांची आधारकार्डं स्वतःजवळ साठवून ठेवू नयेत, ती जबाबदारी पेलणार नाही आणि गैरवापराची भीती आहे. पण कोणत्या घरात कोणता कागद आहे आणि तो कुठल्या कार्यालयाचा, कोणत्या वर्षाचा, एवढी यादी एका वहीत ठेवता येईल. दाखल नोंदवही लिहिणाऱ्या माणसाला हे डाव्या हाताचं काम आहे. कागद जळला तरी तो कुठून परत काढायचा हे त्या वहीत राहील.

आणि कागदांबरोबर फोटो. सरकारी नव्हे, घरचे. मामांच्या पिशवीत एक फोटो होता, त्यांच्या वडलांचा. फेटा, खांद्यावर घोंगडं, हातात काठी, जत्रेतल्या पडद्यापुढं उभे. एवढा एकच फोटो त्यांचा. डावी बाजू गेलेली, चेहरा अर्धा. रेशनकार्डाला दुय्यम प्रत मिळते. त्या फोटोला कुठलं कार्यालय दुय्यम प्रत देणार? मी स्कॅन केला, जमेल तेवढा साफ केला. अर्धा चेहरा मला काढता आला नाही, आणि संगणकानं कल्पनेनं काढून दाखवला तो मामांनी नको म्हणून सांगितलं. "हे न्हवं ते," एवढंच म्हणाले.

आणखी एक वही हवी, वणव्याची. कोणत्या तारखेला, कोणत्या डोंगराच्या कुठल्या अंगाला आग लागली, वारा कुठला होता, कोण विझवायला गेलं, काय जळलं, जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, काढलेली होती का. गावातल्या म्हाताऱ्यांना आठवतं की अमुक पड गेल्या दहा वर्षांत चारदा जळालं, पण लिहिलेलं कुठंच नाही. उपग्रह लिहितो, पण त्याच्या नजरेला ३७५ मीटरचा एक ठिपका दिसतो, त्या ठिपक्यात कुणाची काजूची बाग होती हे त्याला माहीत नसतं. भारतीय वन सर्वेक्षण या संस्थेचे आगीचे इशारे नाव नोंदवलं की मोबाईलवर फुकट येतात. ग्रंथालयानं नाव नोंदवावं आणि इशारा आला की फलकावर लिहावं, खाली वनखात्याचा १९२६ हा क्रमांक. तुमच्याकडं 'पुढारी', 'सकाळ'चे जुने गठ्ठे आहेत. त्यांतून वणव्याच्या बातम्यांची कात्रणं काढून लावली तरी तालुक्याचा एक नकाशा तयार होईल. पंचनाम्याला हरकत आली तर हीच वही पुढं करता येईल. आणि कोण वारंवार पेटवतं, कुठल्या रस्त्याच्या कडेनं आग सुरू होते, तेही आपसूक दिसू लागेल. तेव्हा मामांना विचारायची वेळ येणार नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. पुस्तकं गोळा करून पाठवू नका. निदान लगेच तरी नको. २०१९ च्या पुरानंतर ट्रक भरभरून जुने कपडे आले, त्यांतल्या कित्येकांचं पुढं काय झालं ते आपण बघितलं आहे. पुस्तकांचंही तसंच होतं. लोक घरातली रद्दी धुऊन पाठवतात, कुणाचे जुने दिवाळी अंक, कुणाची फुटकी गाईडं. ज्याच्या डोक्यावर छप्पर नाही त्याच्या दारात खोकी नेऊन फोटो काढणं मला बरं दिसत नाही. पोरांच्या शाळेच्या पुस्तकांचं बघा, ते खरं. जूनमध्ये सरकारी पुस्तकं मिळतात, पण एप्रिलमध्ये घर जळालेल्या पोराची परीक्षा एप्रिलमध्येच असते. तेवढ्यापुरता एक संच वाचनालयातून घरी न्यायला द्यावा, अनामत न मागता. आणि एखाद्या वाचकाच्या घराबरोबर तुमचं पुस्तक जळालं असेल तर त्याच्याकडून किंमत वसूल करू नका. निर्लेखनाची तरतूद असते, ठराव करा आणि पुस्तक काढून टाका. माझ्या काळात एका बाईनं गोठ्याबरोबर जळलेल्या कादंबरीचे पैसे हप्त्यानं भरले होते. मीच पावती फाडली होती. तेव्हा नियम म्हणजे नियम वाटायचा.

तुम्ही विचाराल, हे सगळं करायचा अधिकार आम्हाला कुणी दिला? १९६७ च्या ग्रंथालय कायद्यात वणवा शब्द नसेल. पण १९४५ साली, स्वातंत्र्याच्याही आधी, देशातला पहिला ग्रंथालय कायदा केला तो या कोल्हापूर संस्थानानं. तेव्हाही इतर कुणी केला नव्हता म्हणून आपण थांबलो नव्हतो. जिल्हा ग्रंथालय संघानं एका बैठकीत हा विषय घ्यावा, डोंगरी तालुक्यांतली दहा ग्रंथालयं निवडावीत, आणि फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत तिथं दुपारीही दार उघडं राहील एवढं मानधन एखाद्या सेवकाला मिळेल अशी सोय करावी. साखर कारखाने, दूध संघ, पतसंस्था अहवाल छापतात तेव्हा सामाजिक कामाचं पान भरायला त्यांना काहीतरी हवंच असतं. ऊस जळाला की जळिताची कपात कशी होते हे ज्यांना कळतं त्यांना जळणं म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नाही.

ग्रंथालयात अर्ज फुकट लिहून मिळायला लागला तर माझ्या धंद्यावर परिणाम होईल, असं माझा नवरा म्हणाला. होईल थोडा. जळक्या कागदांच्या धंद्यावर दुकान चालावं अशी माझीही इच्छा नाही.

मामांचा पंचनामा शेवटी झाला, दोन महिन्यांनी. तोवर पाऊस आला होता आणि काळी जमीन हिरवी झाली होती, त्यामुळं काय जळलं होतं ते दाखवायला माझ्याकडचे पहिल्या दिवशी काढलेले फोटोच उरले होते. तेवढे उपयोगी पडले.

शनिवारी कचेरी बंद असते, त्यामुळं दुकानातही फारसं कुणी येत नाही. माझा स्कॅनर लहान आहे, स्कूटीच्या पुढच्या जागेत बसतो. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, कुठंही येते. कोणत्या शनिवारी कोणतं ग्रंथालय दुपारी उघडं ठेवताय तेवढं कळवा.

आपली नम्र,
कचेरीजवळची झेरॉक्सवाली
कोल्हापूर